लेबलवरचा ऑर्केस्ट्रा

श्टुटगार्टला कार्ल्सप्लात्झवर दर शनिवारी जुना बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात नटबोल्टापासून गिरणीच्या पट्ट्यापर्यंत काहीही मिळतं. इथला बाजार जरा इस्त्री केलेला. चांदीचे चमचे, चिनी मातीची कुत्री, कुणाच्या तरी पणजीचे लेसचे रुमाल. मी जाते ती तबकड्यांसाठी. त्यांच्यापायी घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बोटं गारठली होती आणि खोक्यातल्या तबकड्या मी एकेक करून मागे ढकलत होते. ठेलेवाल्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्या खोक्यातून एक तबकडी काढली आणि "ही तुमच्यासाठीच" म्हणत पुढे केली. वर लिहिलं होतं, इंडियन स्वीट. रचनाकार एडवर्ड मॅकडॉवेल. वादन अमेरिकन रेकॉर्डिंग सोसायटी ऑर्केस्ट्रा. कंडक्टर डीन डिक्सन. किंमत तीन युरो.

घेतली. घरी येऊन चहा ठेवला आणि मिरजेला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"काय गं आणलंस आज?"

"इंडियन स्वीट."

"बाजारातून? उघड्यावरची मिठाई? वास घेऊन बघ आधी."

मग तिला समजावलं की स्वीट म्हणजे लहान लहान रचनांची माळ. आणि इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळचे लोक. कोलंबसानं चुकीच्या किनाऱ्याला लागून ठेवलेलं नाव.

"मग त्या माणसानं तुला कशाला दिली?"

"कोलंबसाला जे वाटलं तेच त्यालाही वाटलं असणार."

आई हसली नाही. "सतार आहे का त्यात?" तिनं विचारलं. आमच्या मिरजेत संगीताची चौकशी सतारीपासून सुरू होते. माझं माहेर सतारमेकर गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर, आणि मला सतार येत नाही. मिरजेत हे सांगायला कधी लाज वाटली नाही, कारण तिथे सतार न येणारे पुष्कळ आहेत. इथे मात्र ऑफिसच्या नाताळ पार्टीत दरवर्षी कुणीतरी प्रेमानं विचारतं, या वेळी तरी काही वाजवाल का. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे 'भारतीय संध्याकाळ' नावाचा काही ना काही प्रकार इथे चालू असतो, आणि आमच्या विभागात भारतीय म्हणजे मी. एकदा मी चिडून 'देवा हो देवा' म्हटलं होतं. टाळ्या भरपूर पडल्या. कुणालाही काही कळलं नव्हतं, पण 'भारतीय' ऐकल्याचं समाधान सगळ्यांच्या तोंडावर होतं.

तर तबकडीवरचा 'इंडियन' आमच्यापैकी नव्हता, हे दोन मिनिटांत उरकलं. तिच्यावरचा 'अमेरिकन'सुद्धा अमेरिकेत सापडणार नाही, हे कळायला दोन आठवडे लागले.

अमेरिकन रेकॉर्डिंग सोसायटी ऑर्केस्ट्रा या नावाचं काही अस्तित्वात नव्हतं. म्हणजे लेबल खरं, वाद्यं खरी, वादकही खरे. पण ते सगळे व्हिएन्नाचे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डिटसन फंडानं पैसे दिले. हेतू असा की अमेरिकन रचनाकारांचं काम नव्यानं आलेल्या एल.पी. तबकड्यांवर उतरावं. पण अमेरिकेत वादकांच्या युनियनचे दर असे की शंभर माणसांचा ऑर्केस्ट्रा तीन दिवस स्टुडिओत बसवणं परवडेना. व्हिएन्नात त्या वेळी चार परकी फौजा होत्या, शहर वाटून घेतलेलं, वादक जगातले उत्तम आणि हाताला काम मिळेल त्याला हो म्हणणारे. मग अमेरिकेतून कंडक्टर आणि सुरावटींचे कागद जायचे, तिथून ध्वनिफीत परत यायची आणि न्यूयॉर्कला तिला अमेरिकन नाव चिकटायचं. पैठणी येवल्याची आणि शिक्का सुरतेचा, असला हा व्यवहार. वादकांना या रचना आधी ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ऐकताना ते जाणवतं. कुठे कुठे व्हायोलिनं असा काही लांब, मखमली सूर लावतात की मॅकडॉवेल राहतो बाजूला आणि जर्मन रचनाकार ब्राम्स खोलीत येऊन बसतो.

आणि समोर काठी घेऊन उभा असलेला डीन डिक्सन.

डिक्सनचा जन्म १९१५चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील वेस्ट इंडीजमधून आलेले. वयाच्या सतराव्या वर्षी त्यानं वस्तीतली पोरंटोरं आणि म्हातारे गोळा करून स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ज्युलियर्ड संगीत विद्यालयात रीतसर शिकला. १९४१ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला. त्या ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिलेला तो पहिला कृष्णवर्णीय कंडक्टर. १९४८ला त्याला अमेरिकन संगीताचा पुरस्कार केल्याबद्दल बक्षीस मिळालं, आणि तेही याच डिटसन फंडाचं. बक्षीस मिळालं, नोकरी काही मिळेना. एखाद्या मैफलीला पाहुणा म्हणून बोलावत, पाठ थोपटत, आणि कायमची जागा दुसऱ्याला देत. १९४९ला पॅरिसहून बोलावणं आलं तेव्हा तो निघाला, तो पुढची एकवीस वर्षं परत गेला नाही.

हे वाचून मी तबकडी पुन्हा लावली. अमेरिकेनं ज्याला घर दिलं नाही तो माणूस व्हिएन्नात बसून, जर्मन बोलणाऱ्या वादकांकडून, अमेरिकेचं संगीत अमेरिकेसाठी वाजवून घेतो आहे. लेबलवर यातलं एक अक्षर नाही.

आता त्या 'इंडियन'कडे वळते, कारण तिथेही गुंता कमी नाही. मॅकडॉवेल न्यूयॉर्कचा, पण संगीत शिकला फ्रांकफुर्टला, संसार मांडला वीसबाडेनला, आणि १८८८पर्यंत जर्मनीतच होता. अमेरिकेत परतल्यावर त्यानं मूळच्या अमेरिकन टोळ्यांच्या चाली घेऊन ही रचना केली. पण तो काही त्यांच्या वस्त्यांत जाऊन, पालाबाहेर मांडी ठोकून बसला नव्हता. चाली त्यानं घेतल्या एका प्रबंधातून. थिओडोर बेकर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं सेनेका लोकांमध्ये एक उन्हाळा काढला, गाणी टिपली आणि त्यावर लाइप्झिग विद्यापीठात जर्मन भाषेत पीएचडी केली. ती १८८२ला छापली गेली. म्हणजे अमेरिकेतल्या टोळीचं गाणं लाइप्झिगला गेलं, तिथे जर्मन शाईत वाळलं, मग न्यूयॉर्कच्या रचनाकाराच्या टेबलावर आलं, तिथून व्हिएन्नाच्या व्हायोलिनांवर, आणि शेवटी श्टुटगार्टच्या बाजारात मिरजेच्या बाईला तिची स्वतःची वस्तू म्हणून विकलं गेलं. सेनेका, किओवा या टोळ्यांपैकी कुणाला या सगळ्याचं काय वाटलं असतं, हे विचारायची सोय त्या काळात कुणी ठेवली नव्हती.

रचना कशी आहे? सरळ सांगायचं तर पाचातले तीन भाग मला सोडवत नाहीत असं नाही. युद्धाचा भाग नाटकी, प्रेमाचा भाग गोड गोड, शेवटचा जत्रेचा भाग जत्रेसारखाच. पण चौथा भाग, शोकगीताचा, तो वेगळ्या पाण्याचा आहे. मुलासाठी रडणाऱ्या किओवा बाईच्या गाण्यावरचा. मॅकडॉवेलला स्वतःलाही तोच जवळचा वाटे. तंतुवाद्यं दबक्या आवाजात चालतात, आणि मधेच दुरून एक हॉर्न ऐकू येतो. तो वादक मंचावर नसतो, त्याला पडद्यामागे उभा करतात. तबकडीत तो आवाज खोलीबाहेरून येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून खिडकीपाशी गेले होते.

अमेरिकेनं आपलं संगीत युरोपला ऐकवायचा हा खटाटोप काही १९५०ला सुरू झाला नाही. मला त्यातला सगळ्यात आवडता प्रसंग १९३१च्या जूनमधला आहे. निकोलस स्लोनिम्स्की हा कंडक्टर, जन्मानं पीटर्सबर्गचा, वस्तीला बॉस्टनला. त्यानं पॅरिसमध्ये तिथलाच ऑर्केस्ट्रा भाड्यानं घेऊन दोन मैफली केल्या आणि त्यात दोन्ही अमेरिका खंडांतल्या नव्या, उपद्व्यापी रचनाकारांना वाजवलं; क्युबाचेसुद्धा होते. पैसे कुणी दिले? चार्ल्स आइव्ह्जनं. आइव्ह्ज न्यूयॉर्कमध्ये विम्याची एजन्सी चालवायचा आणि फावल्या वेळात असं काही लिहून ठेवायचा की ते वाजवायला कुणी धजत नसे. आमच्या घरी एलआयसीचे एजंट काका यायचे. त्यांच्या बॅगेतून असलं काही निघालं असतं तर, हा विचार मला अजून हसवतो.

त्या मैफलीत आइव्ह्जची न्यू इंग्लंडमधल्या तीन ठिकाणांवरची रचना होती. तिच्या मधल्या भागात दोन लष्करी बँड वेगवेगळ्या चालीत एकमेकांवर येतात. आइव्ह्जचे वडील गावातले बँडमास्तर. त्यांना असले प्रयोग करायची खोड होती, आणि पोराच्या कानात ते राहून गेलं. जाणकार याला काय काय नावं देतात. मला विचाराल तर हे ऐकायला कानाची तयारी ज्यांची झालेली असते ती अनंत चतुर्दशीला पुण्यात बेलबाग चौकात उभ्या राहिलेल्या माणसांची. एक पथक पुढे सरकतंय, त्याचा ठेका छातीत आहे. मागून दुसरं येतंय, त्याचा ताशा वेगळ्याच लयीत कडाडतोय. आणि मध्ये दहा-बारा पावलांचा असा एक पट्टा असतो जिथे दोन्ही लयी एकदम अंगावर येतात, पायाला कळत नाही कुणाचं ऐकायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी मुद्दाम त्या पट्ट्यात उभी राहायचे. स्लोनिम्स्कीनं अशा जागी तोडगा काढला होता: उजव्या हातानं एक लय, डाव्या हातानं दुसरी. अर्ध्या वादकांनी हा हात पाहायचा, अर्ध्यांनी तो.

पुढच्या वर्षी तो बर्लिन फिलहार्मोनिकसमोरही उभा राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी हिटलर आला, आणि जर्मनीत असल्या कार्यक्रमांना जागा राहिली नाही. (जाता जाता: थिओडोर बेकरनं पुढे संगीतकारांचा एक जाडजूड चरित्रकोश काढला. १९५८पासून त्याचं संपादन कुणी केलं असेल? स्लोनिम्स्कीनं. अमेरिकन संगीताचं जग तेवढं लहान होतं.)

तबकडी श्टुटगार्टला कशी आली असेल याचा माझा एक अंदाज आहे. आम्ही राहतो त्या फाइहिंगन भागात, जंगलाच्या कडेला पॅच बॅरॅक्स आहे. १९३०च्या दशकात जर्मन रणगाडा रेजिमेंटसाठी बांधलेली छावणी. युद्धानंतर अमेरिकनांनी घेतली. आज तिथे अमेरिकेच्या युरोपातल्या फौजांचं मुख्यालय आहे. माझी बस कुंपणाजवळून जाते. आत काय चाललंय ते दिसत नाही, बाहेरून दिसतात ती झाडं, तारा आणि कधीतरी बेसबॉलची टोपी घातलेला जॉगर. १९५०च्या दशकात इथे अमेरिकेची सातवी फौज होती, आणि या फौजेजवळ रणगाडे होते, तोफा होत्या, आणि एक पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. त्या शिपायांपैकी कुणाच्या तरी ट्रंकेतून ही तबकडी आली असावी, असं मी ठरवून टाकलं आहे. पुरावा शून्य.

सेव्हन्थ आर्मी सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९५२ साली उभा केला सॅम्युएल ॲडलरनं. वय चोवीस. तो अमेरिकन शिपाई होता, पण जन्म मानहाइमचा. इथून रेल्वेनं पाऊण तास. वडील तिथल्या मुख्य सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचे. नोव्हेंबर १९३८मध्ये नाझींनी जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं फोडली, त्या रात्री ते सिनेगॉगही उद्ध्वस्त झालं आणि १९३९ला कुटुंब अमेरिकेत पोचलं. दहा-अकरा वर्षांचं पोर गेलं, ते अमेरिकन गणवेशात परत आलं, आणि कुणासमोर वाजवायला? ज्यांनी हाकललं त्यांच्यासमोर. बंदूक घेऊन आला असता तर ते समजायला सोपं. तो बेथोव्हन घेऊन आला.

मानहाइम म्हटलं की संगीतवाल्यांना अठराव्या शतकातला तिथला दरबारी ऑर्केस्ट्रा आठवतो. चार्ल्स बर्नी नावाच्या इंग्रज प्रवाशानं १७७२ला तो ऐकला आणि लिहून ठेवलं की ही सेनापतींची फौज आहे, लढाई आखायलाही तयार आणि लढायलाही. त्याच गावात जन्मलेल्या ॲडलरच्या ऑर्केस्ट्रात सेनापती कुणी नव्हता. सक्तीच्या भरतीत नाव निघालेले तरुण, कुणी कॉन्झर्व्हेटरीतून उचललेला, कुणी शहरातल्या ऑर्केस्ट्रातून. दोन वर्षांची मुदत. मुदत संपली की माणूस घरी. त्यामुळे घडी बसते न बसते तोच पहिला ओबोवाला निघून जायचा, नवा यायचा, पुन्हा पहिल्यापासून तालीम. आपल्याकडच्या हौशी नाटक मंडळींना हे दुःख सांगायला नको.

बसनं गावोगाव फिरत, गणवेशात वाजवत. जर्मनी तर होतीच, पण फ्रान्स, इटली, डेन्मार्क, ग्रीसपर्यंतही गेले. कार्यक्रमात एखाद-दुसरी अमेरिकन रचना आणि बाकी युरोपचंच. आता वाटेल, अमेरिकन संगीताचा प्रचार करायचा तर ब्राम्स कशाला? पण त्या काळचा जर्मन श्रोता डोळ्यांपुढे आणा. युद्ध हरलेला, शहर विटांचा ढीग, पोटाला जेत्यांनी दिलेलं. त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती: तुमच्याकडे जीप असेल, चॉकलेट असेल, सिगारेटी असतील, संगीत आमचं. अशा माणसाला आल्या आल्या आपलं ऐकवायला गेलं तर तो कान बंद करतो. आधी त्याच्या घरातलं गाणं त्याच्याइतकं, जमल्यास त्याच्याहून बरं म्हणून दाखवायचं, मग हळूच आपलं काढायचं. आमच्या मिरजेत हे कळायला अडचण नाही. उत्तरेकडून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदं गायली, तीही आपल्या किराणा घराण्याच्या सुरात, आणि मिरजेनं त्यांना असं काही आपलं मानलं की त्यांच्या नावाचा उत्सव अजून दर्ग्यात होतो.

१९५५ ते ५७ या काळात ऑर्केस्ट्राची काठी हेन्री लुईसकडे होती. लॉस एंजेलिसचा, डबल बेस वाजवणारा; वयाच्या सोळाव्या वर्षी तिथल्या फिलहार्मोनिकमध्ये घेतलेला. हाही कृष्णवर्णीय. म्हणजे बघा: डिसेंबर १९५५ला अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईनं गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, आणि पुढचे ३८१ दिवस तिथले कृष्णवर्णीय लोक बसवर बहिष्कार घालून पायी चालत होते. त्याच महिन्यांत अमेरिकेच्याच गणवेशातला लुईस गोऱ्या-काळ्या वादकांना घेऊन युरोपच्या सभागृहांत अमेरिकेची ओळख करून देत होता. हे नाटक होतं का? फौजेतली वर्णभेदाची पद्धत राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं १९४८च्या हुकुमानं मोडीत काढली होती, तेव्हा मंचावर दिसत होतं ते खोटं नव्हतं. पण पाहणाऱ्यांना तो अख्खा देश वाटावा, ही इच्छा मात्र होती. लुईसला स्वतःच्या देशात मोठा ऑर्केस्ट्रा मिळायला १९६८ उजाडलं.

मागची थैली कुणाची, हा प्रश्न या सगळ्याला चिकटलेला आहेच. फौजेचा ऑर्केस्ट्रा निदान उघड होता. अंगावर गणवेश होता. मे १९५२मध्ये बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा पॅरिसच्या मोठ्या महोत्सवाला गेला तेव्हा यजमान होती काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम नावाची संस्था, आणि तिचे पैसे सीआयएकडून येत होते, हे १९६६-६७ला बाहेर आलं. आपण फार हसू नये. याच संस्थेचं भारतातलं अधिवेशन मार्च १९५१ला मुंबईत भरलं होतं, आणि निस्सीम इझिकेल यांनी संपादित केलेलं 'क्वेस्ट' हे नियतकालिक याच वर्तुळातलं. त्यातल्या चांगल्या कविता त्यामुळे वाईट ठरत नाहीत. पॅरिसला वाजलेलं रचनाकार स्ट्राविन्स्कीचं संगीतही नाही. मला या प्रश्नात फार वेळ रमता येत नाही, कारण दरबाराच्या पैशाशिवाय वाजलेलं संगीत शोधायला बसलं तर आमची निम्मी घराणी बाद होतील.

मला त्याहून जास्त विचार करायला लावलं ते डिक्सनच्या एका बोलण्यानं. युरोपात आल्यावर वर्तमानपत्रांनी त्याच्यावर लिहिलं त्याचे तो तीन टप्पे सांगायचा. पहिल्यांदा छापून यायचं, 'कृष्णवर्णीय अमेरिकन कंडक्टर डीन डिक्सन'. काही वर्षांनी, 'अमेरिकन कंडक्टर डीन डिक्सन'. आणि शेवटी नुसतं, 'कंडक्टर डीन डिक्सन'. स्वीडनला योतेबोर्गमध्ये सात वर्षं, मग १९६१पासून फ्रांकफुर्टच्या आकाशवाणी ऑर्केस्ट्रात तेरा वर्षं. मॅकडॉवेल जिथे शिकला तेच शहर. विशेषणं गळायला एवढा काळ लागला.

गळली ते चांगलंच. पण मी याचा हिशेब मांडायला बसते तेव्हा माझी पंचाईत होते. 'अमेरिकन' हे विशेषण नसतं तर डिटसन फंडानं पैसे दिले नसते, व्हिएन्नात ती ध्वनिफीत झाली नसती, ॲडलरला ऑर्केस्ट्रा मिळाला नसता. विशेषण हे प्रवेशाचं तिकीट. आत गेल्यावर तेच डोळ्यांपुढे धरून बसतात, आणि मंच दिसत नाही. नाताळच्या पार्टीत मी उद्या मॅकडॉवेल वाजवला, तोही बरा वाजवला, तरी तो 'भारतीय' ठरेल असं मला वाटतं. इंडियन तर आहेच नावात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. आजी मी मनात म्हणते. तोंडावर फ्राउ आणि आडनाव, कारण इथे अकरा वर्षं शेजारी राहून अजून आम्ही 'तू'वर आलेलो नाही. ओळख झाली ती केरवोखमुळे. या भागातला हा जुना रिवाज: जिन्याची झाडलोट भाडेकरूंनी आठवड्याआड वाटून घ्यायची, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकवायची. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे झाडून निघतं त्याला केर म्हणतात. त्यांनी संशयानं पाहिलं. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं.

त्यांना मी त्या फौजी ऑर्केस्ट्राबद्दल विचारलं. त्या त्या वेळी शाळकरी मुलगी. हो, म्हणाल्या, एकदा गणवेशातले अमेरिकन आले होते, आईनं नेलं होतं. मी सरसावून बसले. काय वाजवलं? आजींनी बराच वेळ आठवून पाहिलं. बूट, त्या म्हणाल्या. सगळ्यांचे बूट इतके चकचकीत होते. आणि एकजण, तो पितळी मोठं वाजवतात ना, तो पाळी नसताना च्युइंगम चघळत होता. आईला ते अजिबात आवडलं नाही, पण घरी जाताना ती म्हणाली की वाजवतात मात्र छान. "काय छान वाजवलं?" मी पुन्हा विचारलं. त्यांनी हात हलवला. सत्तर वर्षं झाली.

मग मी तबकडी लावली. चौथ्या भागावर सुई ठेवली. आजी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या; त्यांच्या डाव्या कानातलं यंत्र अधूनमधून बारीक शीळ घालतं, ते त्या बोटानं दाबत होत्या. तो दूरचा हॉर्न आला तसं त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"खाली कुणी वाजवतंय?"

"नाही, यातच आहे."

"हं," म्हणाल्या. पुन्हा ऐकू लागल्या. संपल्यावर त्यांनी वेष्टन मागितलं, लांब धरलं, जवळ धरलं. चष्मा वरच राहिला होता. मी सांगायला तोंड उघडलं, की हे अमेरिकन आहे पण वाजवलंय व्हिएन्नावाल्यांनी, इंडियन आहे पण माझं नव्हे, चाली लाइप्झिगच्या प्रबंधातल्या, आणि कंडक्टर. त्यांनी वेष्टन टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, तेवढा भाग पुन्हा लावाल का.

दोनदा ऐकून त्या वर गेल्या. संध्याकाळी भाजी आणायला म्हणून दार उघडलं तर कडीला केरवोखची पाटी लटकत होती. त्यांची पाळी रविवारपर्यंत होती, आणि तो शनिवार होता.